आवक-जावक

सकाळी दहा ते एक मी पतसंस्था.
डबा खाल्ला की ग्रामपंचायत.
खोली तीच, पंखा तोच, खुर्ची फक्त
टेबलाच्या या अंगाची त्या अंगाला.
सकाळी लिहायचो: मा. सरपंच,
ग्रामपंचायत मौजा चिचटोला, यांस,
हप्ता थकला आहे, कृपया भरावा.
दुपारी तेच पत्र आवकला नोंदवून
उत्तर काढायचो: निधी अप्राप्त, मुदत मिळावी.
दुसऱ्या दिवशी सकाळी मुदत द्यायचो.
अकरा वर्षांत नकार एकदाही गेला नाही.

पाण्याची टाकी बांधली तेव्हा
पंचायतीने पतसंस्थेकडून उचलले नऊ लाख.
पुढे भातगिरणी बुडाली, तिचं कर्ज घेऊन
पतसंस्थाही डळमळली,
तेव्हा पंचायतीने ठराव घेतला: ठेवींना गाव हमीदार.
सूचक रेवनाथ दिघोरे. अनुमोदक मीच शोधून आणला.
टाळ्या झाल्या, चहा झाला.
चहाचं बिल अजून दोन्ही वह्यांत आहे.

पंचायतीची शिल्लक पतसंस्थेत,
पतसंस्थेची मालमत्ता म्हणजे पंचायतीचा कागद.
रात्री बेरजेला बसलो की
आकडा या वहीतून त्या वहीत जायचा
आणि जरा फुगून परत यायचा,
दोन्हीकडच्या पंगतीत जेवलेल्या पाहुण्यासारखा.

लेखापरीक्षक आल्या त्या पौषात.
यशोधरा गेडाम, साकोलीहून, एसटीने.
दोन्ही वह्या शेजारी मांडल्या, दोन तास बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, अक्षर एकच आहे.
हो मॅडम, हात एकच आहे.

त्यांच्या डब्याखालच्या पेपरात बातमी होती:
युरोपात सरकारं बँका सावरतायत,
बँकांच्या तिजोरीत सरकारांचेच रोखे,
एक घसरलं की दुसऱ्याचा पाय जातो.
आता ही गाठ सोडवायची आहे म्हणे,
बँकेत नवं भांडवल घालायचं,
पण त्याचं ओझं सरकारच्या कर्जात न धरता.
‘पैसा कुठून आणणार,
नेमका तिथंच तेलाचा डाग पडलाय बघा,’
बाई म्हणाल्या, आणि पेपर घडी करून पर्समध्ये ठेवला.

सभा तलावाच्या पाळीवर घेतली,
पंचायतीत माणसं मावेनात.
ढिवर सोसायटीच्या ठेवी होत्या, मासोळीच्या पैशाच्या.
दंडारीच्या मंडळाने पडद्यांसाठी जमवलेले होते.
फुलवंता नागोसे उभी राहिली.
‘बाबू, टाकीचा पानी पेतो, पट्टी भरतो.
गिरनी डुबली तं ते मी काहून भरू?
अन् ठेव माही हाय,
तं टाकीपाई ते काहून अडकली?’
एकाच बाईचे दोन प्रश्न.
दोन्हींचं उत्तर एकच होतं,
आणि ते माझ्याच अक्षरात होतं.

ठरलं ते असं. आधी संचालकांचे भाग शून्य;
रेवनाथ पाळीवरून उठून चालायला लागला.
मग हमीचा ठराव रद्द.
मग जिल्ह्याच्या फेडरेशनचं भांडवल थेट संस्थेत,
पंचायतीच्या वहीला न शिवता.
टाकीचं कर्ज टाकीच्या पट्टीतून, वीस वर्षं.
ठेवी टप्प्याटप्प्याने.
त्या वर्षी दंडार शाळेच्या सतरंजीपुढे झाली,
राजा सतरंजीच्या भोकातून दिसत होता
आपली पाळी यायची वाट बघताना.

खोलीच्या मधोमध विटांची भिंत आली.
खिडकी पंचायतीकडे गेली, पंखा संस्थेकडे.
विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूला?
मी पंखा घेतला.

आता पत्र तालुक्याला जाऊन येतं,
तीन फुटांना नऊ दिवस.
पलीकडे नवी मुलगी, देवांगना मारबते,
शिक्का असा मारते की माझ्या टेबलावरची पिन हलते.
काल तिचं उत्तर आलं: निधी अप्राप्त, मुदत मिळावी.
शब्द माझेच.
अक्षर परकं, उजवीकडे झुकलेलं.
किती तरी वेळ ते नुसतं बघत राहिलो.

नकार लिहायला कोरा कागद घेतला.
जावक क्रमांक टाकला, तारीख टाकली.
भिंतीपलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला,
तलावावरचा वारा तिच्याकडे आला असणार.
मजकूर अजून लिहायचा आहे.